वादिराजची दारू सुटली

सासऱ्यांचं श्राद्ध दोन दिवसांवर आलं, तेव्हा वसुमतीनं नवऱ्याला माडीवरच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. वादिराज उठल्यापासून प्यायचा. पण प्यायलेल्या हातानं बापाला पिंड द्यायचा म्हणजे हद्दच झाली! तो दारावर धडका देत राहिला, ती बधली नाही. गल्लीच्या टोकाला व्यसनमुक्तीचा दवाखाना होता. पण जयनगरातलं तीन पिढ्यांचं घर. कुणी पाहील म्हणून ती कधी त्याची पायरी चढली नव्हती.

श्राद्धाच्या सकाळी तो अंघोळ करून पाटावर बसला. तोंडाला वास नव्हता. तर्पणाचं पाणी सोडताना हात लटलटत होते, अंगाला दरदरून घाम सुटला होता. बापाच्या आठवणीनं गलबललाय, असं समजून ही बया मनातून सुखावली. मग तो ताम्हनातले तीळ झटकायला लागला. "मुंग्या! वसू, मुंग्या!" ओरडत तो मागे कोसळला. दातखीळ बसली, सगळं अंग झटके देऊ लागलं.

शेवटी गल्लीतूनच, सगळ्यांच्या देखत, त्याला त्याच दवाखान्यात उचलून न्यावं लागलं.

"रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, अक्का! औषधं देऊन सोडवायची असते, नाहीतर माणूस जातो," डॉक्टर सुई टोचता टोचता कडाडले. "कुणी सोडवली याची दारू?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा, म्हणून वसुमती लग्नापासून वाट पाहत होती. आता तिला 'मी' म्हणवेना.