सायवाल्याची बायको नावेत

नदीकाठचे लोक त्याला सायवाले म्हणत. शहराच्या नाल्यांतून उतरलेलं तेल, साबण आणि नाव नसलेलं काहीबाही नदीवर तपकिरी सायीसारखं जमे. तो नावेतून, लांब दांड्याच्या झाऱ्याने, ते काढे. "सायवाले, आज किती लोणी?" पुलावरून कोणी ना कोणी विचारीच. ओहोटी जे समुद्राकडे नेई, ते भरती इमानेइतबारे परत आणी. त्यामुळे नोकरी पक्की, असं तो म्हणे.

बायकोने मात्र लग्नापासून त्या नावेत पाय ठेवला नव्हता. "पाणी स्वच्छ दाखवा, मग बसते."

या रविवारी त्याने चंगच बांधला. भरती लागण्याआधीच घाटाच्या पायऱ्यांभोवती, समुद्राच्या बाजूने, तरंगता दोर कमानीसारखा बांधला. शहराची बाजू उघडीच ठेवली. खालून येणारी घाण बाहेर अडली. आत पाण्याखालच्या पायऱ्या दिसू लागल्या. तो धावत घरी गेला.

"चल लवकर!"

"केस तरी विंचरू द्या."

केस झाले, कपडे बदलून झाले, मग नव्या चपला सापडेनात. दोघं नदीवर पोचली तोवर पाणी फिरलं होतं. ओहोटीबरोबर वरच्या नाल्यांची सगळी घाण येऊन झोळीत भरावी तशी कमानीत भरली होती.

"हेच का तुमचं स्वच्छ पाणी?"

"तुझ्या चपलांनी भरती घालवली!"

"मग सोडा की दोर. जाईल वाहून."

त्याचा हात गाठीपर्यंत गेला नि थांबला. दोर सोडला की ती नावेत बसणार. पण पुढच्या भरतीला हीच घाण अर्ध्या शहराच्या दारात. "नाही गं," तो पडेल आवाजात म्हणाला. "हाती लागलीय, सोडवत नाही. तू जा घरी."

 ती चपला पायरीवर काढून धपकन नावेत उतरली.

"अगं, बुडवशील!"

"झारा द्या इकडे. जन्मभर दूध तापवलंय मी. तुम्ही मधेच खुपसता, म्हणून फाटते. कडेने गोळा करायची."

पुलावर गर्दी जमली. "सायवाले, मालकीणबाई आल्या वाटतं!"

"आल्या!" कोपरापर्यंत काळी झालेली तीच ओरडली.

नावेतली पिंपं भरली. दोराच्या आत पाणी दिसू लागलं. हिरवट, पण पाणी.

"आता पुलापर्यंत न्या," ती म्हणाली.

त्याने दोर काढला. ओहोटीने नाव अलगद नेली. तो वल्ही आडवी टाकून ऐटीत बसला. परतताना उलट्या पाण्यात दंड भरून येणार, हे त्याने तिला सांगितलं नाही.