पुढची सीट, मधली खोली

गेल्या दिवाळीचा पाडवा, सकाळची पूजा नुकतीच झालेली. रक्कम विमानाचं भाडं सोडून साडेतीन लाख, त्यावर एक रुपया नाही असं माझंच म्हणणं. हजर तिघं: मी, माझी बायको आणि व्हँकुव्हरला नोकरी करणारी आमची मुलगी. तिच्यासाठी फोन तांब्याला टेकवून उभा केला होता. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. विषय एकच. येत्या जूनमध्ये अलास्काकडे हिमनद्या बघायला जायचं, तर बोट कोणती, वाट कोणती आणि बोटीवर खोली कोणती.

हिमनदी हा शब्द घरात मुलीने आणला. आम्ही त्याला बर्फच म्हणतो. आष्टीजवळच्या कडा गावात आमची बर्फाची लहानशी फॅक्टरी आहे. मिठाच्या गार पाण्यात पत्र्याचे साचे सोडायचे, पाणी गोठलं की लाद्या काढायच्या, भुसा आणि पोती गुंडाळून रसवंतीवाल्यांना, लग्नघरांना पोचवायच्या. हिशेब माझ्याकडे, किरकोळ विक्रीची खिडकी बायकोकडे. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून बायको त्या खिडकीत टोच्याने लादी फोडून किलोकिलोने बर्फ विकते आहे. लादी कडेला काचेसारखी निघते आणि मधोमध पांढरी, कारण पाण्यातली हवा शेवटी तिथे कोंडते. पांढऱ्या बर्फाचा लवकर भुगा होतो म्हणून लांबच्या गिऱ्हाइकाला ती कडेचा तुकडा देते. मी कधी तसं सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मुलीने एक व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या काठाला बर्फाची उंच भिंत, आणि तिचा एक भाग सुटून पाण्यात कोसळतो. बायकोने तो खिडकीत उभ्याउभ्या पाहिला, गिऱ्हाईक थांबवून. मुलीला दोनच गोष्टी विचारल्या. हा आवाज खरा आहे की मागून घातलाय, आणि बर्फ निळा का दिसतो. आवाज खरा आहे, आणि निळा का ते इथे येऊनच बघ, असं मुलगी म्हणाली. हिने तो पुन्हा लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी भुसा झाडताना मला म्हणाली, "एकदा बगायला पायजे."

आमच्या घरात हे फार मोठं मागणं होतं. संसारात तिने साड्या मागितल्या, मिक्सर मागितला, मुलीसाठी नगरची शाळा मागितली. पण कुठे फिरायला न्या असं कधी म्हणाली नव्हती. कारण तिला गाडी लागते. तिचं माहेर वडवणी. लग्न होऊन कड्याला येताना बीडच्या अलीकडेच तिला उलट्या सुरू झाल्या, त्या घर येईपर्यंत. तेव्हापासून एसटीत तिची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची पहिली. समोरचा रस्ता दिसला पाहिजे आणि मागचे हादरे नकोत. गाडी स्टँडवर लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून ती सीट धरणं हे माझं काम. पिशवीत लिंबू आणि प्लास्टिकच्या पिशव्या. एवढं करूनही माहेरी जाणं वर्षातून एकदावर आलं. मोटारसायकलवर मात्र तिला काही होत नाही.

मुलीच्या पदवीच्या समारंभाला आम्ही पुण्याला निघालो होतो. पुढची सीट मिळाली नव्हती. नगर येईपर्यंत तिच्यात उभं राहायची ताकद उरली नाही. नगरच्या स्टँडवर ती उतरली आणि म्हणाली, तुमी जावा, मी बसते आन् बरं वाटलं की माघारी जाते. कुणीतरी जायला हवं होतं म्हणून मी पुढे गेलो. त्या दिवसाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात मुलगी आणि मी आहोत.

तर बोटीचं. विमानाची तिला धास्ती नव्हती; एक रात्र आणि एक दिवस, डॉक्टरांची गोळी घेऊन झोपून जाईन म्हणत होती. व्हिसे मुलीने आमच्या मागे लागून आधीच करून घेतले होते. प्रश्न समुद्राचा होता. सात दिवस गोळीवर काढता येत नाहीत.

वाटा तीन निघाल्या. सिएटलहून जाऊन सिएटललाच परत, सगळ्यात स्वस्त, पण बोट बराच काळ उघड्या समुद्रातून जाते. दुसरी व्हँकुव्हरहून जाऊन व्हँकुव्हरला परत. ती बेटांच्या आतल्या बाजूने, आडोशाने जाते, आणि एक अख्खा दिवस बर्फापुढे. तिसरी व्हँकुव्हरहून थेट उत्तरेला, तिथून विमानाने परत. तिच्यात दोन दिवस बर्फ बघायला मिळतो, पण मधे एक आखात ओलांडावं लागतं. मी दर काढला. दिवसाला किती ते तर काढलंच, बर्फाच्या एका दिवसाला किती तेही काढलं. त्या हिशेबात तिसरी वाट सरस ठरत होती.

खोलीचा हिशेब मला करावाच लागला नाही. नगरला बुकिंगचं ऑफिस चालवणारा एक तरुण माणूस आहे. त्याने बोटीचा नकाशा फोनवर पाठवला होता. त्यात अगदी पुढच्या टोकाला, वरच्या मजल्यावर समोर काच असलेल्या खोल्या होत्या. दर सगळ्यात चढा. मी एरवी असल्या खोलीकडे पाहिलंही नसतं, पण त्या दिवशी मी त्याला ती धरून ठेवायला सांगितली. साडेतीन लाखातले दहा हजार तेवढे शिल्लक राहत होते.

"पप्पा, तुम्ही आणि एवढी महाग खोली?" मुलीने विचारलं.

मी म्हणालो, मम्मीला पुढचीच लागते.

मुलगी शाळेत असताना लिंबाची पिशवी तीच धरायची. तिने मान डोलावली. आम्हा तिघांनाही त्यात काही चूक दिसली नाही.

बायकोने तिचं ताट बाजूला सारलं. ताटातला फराळ तसाच होता. मग तिने तिची अट सांगितली.

"मेहेकरीच्या धरणावर होडी हाय. तिच्यात आधी बसून बगते. तितं उलटी झाली तर मी येत न्हाई. तुमी बापलेक जावा. मला परत नगरच्या स्टँडवर उतरायचं न्हाई."

मी म्हणालो, धरणातली होडी आणि ती बोट यात फरक आहे. ती म्हणाली, पाणी पाणीच आसतंय. मुलगी काही समजावू लागली तर हिने फोन तांब्यावरून उचलून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

बातमी मात्र फुटली. आमच्याकडून बर्फ नेणारा रसवंतीवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "आप्पा, कड्याचा बर्फ पुरंना का, अमेरिकेत बगायला चाललात?" बायकोने आतून सांगितलं की तिकडचा उधारीवर मिळतो म्हणून चाललोय. त्याची तीन हप्त्यांची उधारी होती. तो हसत गेला आणि संध्याकाळी निम्मी देऊन गेला.

भाऊबीज उरकल्यावर आम्ही मोटारसायकलवर धरणाला गेलो. पाऊस बरा झाला होता, पाणी लांबवर पसरलं होतं, वारं होतं. मासेमारी करणाऱ्या एकाला आधीच फोन केला होता. त्याला वाटलं आम्ही मासे घ्यायला आलोय. आम्ही लिंगायत, मासे खात नाही, आम्हाला नुसतं फिरायचंय, म्हटल्यावर त्याने बायकोकडे, तिच्या हातातल्या लिंबाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एका फेरीचे दोनशे ठरले.

होडीत पाय ठेवताच ती टोकाला जाऊन बसली. सवयच ती. मी तिच्या मागे. काठ सुटला तसं पुढचं टोक लाटेवर चढायला आणि खाली आपटायला लागलं. तिने पदर कमरेला खोचला, लिंबू नाकाशी धरलं. थोड्याच वेळात तिच्या कपाळावर घाम आला आणि चेहरा पिवळा पडला. तो रंग मी ओळखतो. मी होडीवाल्याला वळव म्हणालो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं, की आता भिंतीवर आणखी एक फोटो लागणार.

"वळवू नका," ती म्हणाली. "जरा थांबा."

एक लाट पुढून आत आली आणि तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ओलं नको म्हणून ती उठली, माझ्या खांद्याला धरून मागे आली आणि होडीच्या मधोमध, जाळ्याच्या ढिगाला टेकून खाली फळीवरच बसली. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिथे कोरडं होतं म्हणून. तिने डोळे पलीकडच्या काठावरच्या बाभळींवर लावले. मी तिच्याकडे बघत राहिलो. कपाळ हळूहळू कोरडं झालं. मग तिने लिंबू पिशवीत टाकलं.

"हितं बरं हाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुमी बसा बरं पुढं."

मी टोकाला जाऊन बसलो. ती मला निरखत राहिली आणि हसायला लागली. "सुपातल्या दाण्यावानी उडायलाव की. सूप जितं हातात धरतंय तितला दाणा गप ऱ्हातोय, समदी उडी पुढच्या कडंला." मग तिचं हसू थांबलं. "मोठ्या बोटीत बी आसंच आसंल. आपण पुढची खोली कावून घेतली?"

एसटीत पुढची सीट धरून धरून मला वाटायला लागलं होतं की जगातल्या प्रत्येक गाडीची चांगली जागा पुढेच असते. त्यासाठी मी पदरचे जास्तीचे पैसे मोजायला निघालो होतो.

तिने होडीवाल्याला आणखी एक फेरी मारायला लावली, वारं जिकडून येत होतं तिकडे. मधे बसूनच. दुसऱ्या फेरीत तिने त्याला माशांचा भाव आणि बर्फ कुठून आणतो तेही विचारून घेतलं. तो आष्टीहून आणत होता. उतरताना आमचं गिऱ्हाईक एकाने वाढलं होतं.

घरी येऊन तिने मला नकाशा काढायला लावला. खालच्या मजल्यांवरच्या, बोटीच्या मधोमध पडणाऱ्या खोल्या आम्ही दोघांनी बोटाने शोधल्या. मी नगरला फोन करून पुढची खोली सोडायला सांगितली. त्या तरुणाला नवल वाटलं. त्या खोल्या आधी जातात, काका, तो म्हणाला. मी म्हणालो, ज्यांना जातात त्यांना जाऊ दे. मधल्या खोलीला बाहेर उभं राहायला छोटा सज्जा होता आणि तरीही ती स्वस्त होती. आमच्या गरजेची वस्तू कमी दरात मिळते आहे यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नाही. मी त्याच्याकडून दर दोनदा लिहून घेतला.

वाटेवरून मात्र आमचं जुंपलं. मी तिसऱ्या वाटेचा हिशेब पुढे केला. दोन दिवस बर्फ, दर कमी. तिने मधल्या आखाताचं विचारलं. किती उघडं, किती वेळ. मी सांगितलं.

ती म्हणाली, "लाद्या किती ते गिऱ्हाईक इचारतंय. मला एका लादीपुढं किती येळ उभं ऱ्हायला मिळतंय ते सांगा."

हे मी काढलंच नव्हतं. मुलीला फोन लावला. व्हँकुव्हरहून जाऊन येणाऱ्या दोन बोटी आमच्या तारखांना बसत होत्या. मे संपून लग्नसराई ओसरल्याशिवाय फॅक्टरी सोडता येत नाही, म्हणून तारखा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. एक बोट अरुंद खाडीत शिरायची, आणि तरंगता बर्फ दाट असला तर लांबूनच माघारी फिरायची. दुसरीला मोठ्या उपसागरात जायची परवानगी होती. तिथे ती भिंतीपुढे थांबते आणि जागच्या जागी सावकाश वळते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दिसावं. हे ऐकल्यावर बायकोने दुसरं काही ऐकलं नाही. त्या वाटेवरही काही तासांचा उघडा पट्टा आहे, असं मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं. बहुतेक रात्री येतो. झोपंत गेला तर गेला, ही म्हणाली, न्हाईतर लिंबू हाय की.

पैसे भरायला आम्ही दोघं नगरला गेलो. तसं मला एकट्यालाही जाता आलं असतं. जाताना तिने पहिली सीट धरली. एसटीला होडीचा नियम लागू नाही हे तिने आधीच पक्कं केलं होतं. बुकिंगच्या ऑफिसात त्या तरुणाने तिला विचारलं, मावशी, खोली नीट बघून घेतली ना. तिने नकाशावर बोट ठेवून दाखवली.

परतताना गाडीला वेळ होता. स्टँडवर ती ज्या बाकावर तेव्हा बसली असेल तो कोणता, हे मी तिला विचारलं नाही. तिने पिशवीतून दोन लिंबं काढली, एक परत टाकलं, आणि गाडी लागताना दिसली तशी मला म्हणाली, "रुमाल टाका बिगी बिगी."

हिशेब असा. नगरच्या बुकिंगवाल्याला दोन लाख शहाऐंशी हजार, मधली खोली, आमच्या दोघांचे. मुलगी त्याच खोलीत तिसरी, तिचे तिने तिकडे भरले. मेहेकरीच्या होडीवाल्याला दोन फेऱ्यांचे चारशे. आणि परतीच्या कंडक्टरला माझं पूर्ण तिकीट ऐंशी, तिचं अर्धं चाळीस.