गुणून बघ

आमच्या शेजारच्या कामतबाईंनी शिकवणीतल्या कुठल्याही मुलीच्या वहीत कधी बरोबरची खूण केली नाही. मुलगी वही पुढे करून विचारायची, "बाई, बरोबर आहे?" बाई म्हणायच्या, "मला कशाला विचारतेस? गुणून बघ."

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलींना गणित शिकवत. एकट्या होत्या. शिकवणीवरच त्यांचं चालायचं.

एकदा त्यांनी मला हाक मारली. "मंदा, हे गणित वाचून दाखव गो. डोळे साफ गेले माझे. कुणाला बोलू नको. आयांना कळलं तर मुली यायच्या बंद होतील, आणि मला वेंगुर्ल्याला भावाच्या दारात जाऊन पडावं लागेल."

मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. म्हटलं, "बाई, इथे आकडा नाही. नुसती फुली आहे."

बाई हसल्या. "मग फुलीच म्हण."

तेव्हापासून निवडायच्या भाजीचं ताट घेऊन मी रोज त्यांच्याकडे जाऊन बसे. मुली यायच्या आधी पुस्तकातली गणितं वाचून दाखवी. "फुलीचा वर्ग, अधिक सात फुली, अधिक बारा." बाई डोळे मिटून सांगायच्या, "गुणून बारा, मिळवून सात. कोण कोण?" मी हळूच म्हणे, "तीन आणि चार." "मग झाले की अवयव. फुली अधिक तीन, फुली अधिक चार. आता परत गुणून बघ."

मुलींना त्या मोठ्याने गुणायला लावत. चूक त्यांना ऐकूनच कळे, पण बोलत नसत. मुलगीच मध्ये थांबून जीभ चावायची.

एका संध्याकाळी वंदनाचे वडील वही घेऊन आले. "बाई, हिच्या वहीत तुमची एक खूण नाही. हे बरोबर की चूक, एवढं सांगा."

बाईंनी वही उघडली. उलटी धरली होती. माझ्या हातातली मेथी हातातच राहिली.

त्यांनी वही खाली ठेवली. "मला दिसत नाही हो, सावंत. वंदना, तू वाच."

"एक्स वर्ग अधिक एक्स वजा बारा. उत्तर, कंसात एक्स वजा चार, कंसात एक्स अधिक तीन."

"गुण."

वंदना गुणू लागली आणि मध्येच अडली. "वजा चार एक्स, अधिक तीन एक्स... वजा एक्स येतंय, बाई! चिन्हं उलटी पडली. चार अधिक पाहिजे, तीन वजा."

सावंत लेकीकडे बघत राहिले. "घरी चुकलं की रडत बसते ही," ते म्हणाले. चपला घालताना वळले. "उद्या वेळेवर पाठवतो."

चाळभर कळलं. काही मुली गेल्या, पुष्कळशा राहिल्या. पुढे स्टोव्हचे चटके बसू लागले, तेव्हा मात्र भाऊ न्यायला आला.

ट्रंकेवर बसून बाई म्हणाल्या, "मंदा, आयांपासून लपवून शिकवलं मी. बरोबर केलं ना गो?"

मी त्यांचा हात धरला. "बरोबर, बाई."

"गुणून बघितलंस?"

"रोज बघत होते," मी म्हटलं.