साडेचारला मावळणारा सूर्य

जिनदास दोन वर्षांनी जर्मनीहून कामरगावला परतला, तेव्हा एस.टी.जवळ उभी असलेली आई त्याला चटकन ओळखू आली नाही. राजमतीबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"माय, आजारी होती का तू?"

"मले काय धाड भरली? तूच गोरा होऊन आला, म्हणून आमी तुले काळे-वाळलेले दिसून राह्यलो."

तो हसला. हसणं त्याला सोपं जायचं.

ही गोष्ट शहात्तर सालच्या डिसेंबरातली. अमरावतीहून डिप्लोमा करून जिनदास कोलोनजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून गेला होता. तिथून तो चिठ्ठ्या लिहायचा. राजमतीबाईंची नजर अधू झालेली. त्यामुळे जिनदासच्या वडिलांच्या, भागचंदजींच्या कापडदुकानाच्या ओट्यावर जिनदासचा शाळासोबती फय्याज चिठ्ठी मोठ्यानं वाचायचा, दाराआड बसून त्या ऐकायच्या, आणि हळूहळू अर्धी पेठ ऐकायला येऊ लागली. त्या चिठ्ठ्यांमुळे गावाला जर्मनांचे सण तोंडपाठ झाले होते.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी ओटा भरला.

"ते चपलीचं सांग," मेहबूब टेलर म्हणाले.

"चाचा, डिसेंबरच्या पाच तारखेला रात्री तिथं लोक पायातला बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात. पांढऱ्या दाढीचा एक साधू येतो आणि त्यात खाऊ टाकतो. माझा बूट ओला होता. मी ठेवली चप्पल."

"मंग?"

"सकाळी एक अक्रोड चपलीवर, बाकीचे जिन्याखाली. घरमालकीण वेबरबाई म्हणाली, तुमच्या देशात प्रसाद कशात घेता? म्हटलं बाई, कशातही घेतो, पायताणात नाही."

ओटा खदखदून हसला. मग नाताळातलं झाड आलं. बाहेर सगळं जंगल असताना घरात झाड आणायचं, त्याला पेटत्या मेणबत्त्या लावायच्या आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायची. म्हणजे पूजा करायची ती बादलीच्या भरवशावर. मग फेब्रुवारीतला तो गुरुवार आला, बायका कात्री घेऊन फिरतात तो. जिनदासची अमरावतीहून नेलेली एकुलती एक टाय त्यांनी मधोमध कापली होती.

"माप न घेता?" मेहबूब टेलरांचा जीव खरोखर हळहळला. "लाहौल! ह्याले सण म्हंतेत?"

"अन् सूर्याचं राह्यलं," कोणीतरी म्हणालं.

"तिथला सूर्य पक्का सरकारी नोकर. डिसेंबरात साडेचारला घरी जातो. आम्हा जैनांना तर अंधारात जेवायचं नाही. मी चारलाच ताट उरकतो आणि दुसऱ्या सकाळी आठपर्यंत माझ्या पोटात त्यांच्या चर्चची घंटा वाजते."

सगळे हसले. फय्याज हसला नाही. माणसं पांगल्यावर तो जिनदासला विहिरीकडे घेऊन गेला.

"ही सूर्याची चिठ्ठी म्या वाचली, त्या दिवसापासून काकी एकच टाइम जेवते. एकाशन धरलं. माहा लेक तिकडं सोळा घंटे उपाशी राह्यते, मंग मी दोनदा कशी गिळू, म्हणे."

"दोन वर्षं?"

"दोन थंड्या, दोन उन्हाळे."

"उन्हाळ्यात तर तिथं साडेआठपर्यंत ऊन असतं, फय्याज!"

"ते तू लिवलं नाही."

जिनदास विहिरीच्या काठावर बसला.

"मले काहून कळवलं नाही?"

"काकीनं शपथ घातली. तुह्या बाबूजीनं बी दोनदा समजावलं, मंग सोडलं. अन् तू इतका मजेत लिवायचा. म्हटलं, कायले त्याच्या हसण्यात माती कालवावी?"

खरं असं होतं की पहिला आठवडाभर जिनदास तीन वाजता यंत्रामागं उभा राहून पाव चावत असे. फोरमन ओरडला. सुटी साडेचारला व्हायची. घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले. चौथ्या आठवड्यात वेबरबाईंनी सात वाजता गरम बटाट्यांचं ताट पुढं केलं आणि तो जेवला. मग रोजच जेवला. नाताळच्या संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात त्यानं केक खाल्ला. त्यात अंडी असतात हे त्याला माहीत होतं. तीन तुकडे खाल्ले. दुसऱ्या सकाळी, जीभ गोड असतानाच, सूर्याची चिठ्ठी लिहिली. लिहिताना स्वतःशीच हसलाही होता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता राजमतीबाईंनी स्वयंपाकघरात त्याचं ताट वाढलं. दिवस मावळायला पाऊण तास होता. ताट एकच होतं.

जिनदास बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. सातची जेवणं, मेणबत्त्या, केक. त्यातली अंडीही.

राजमतीबाई परातीतलं पीठ बोटांनी गोळा करत राहिल्या.

"ती बाई समोर बसे का, तू जेवताना?"

"बसायची."

"बरं झालं. एकटा नाही जेवला." परात बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आतापर्यंत तुह्या संगतीनं केलं. आता तुह्या चुकीपायी करतो. अजून दोन वर्षं. त्यात काय!"

त्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की ती जेवेल. त्यानं पुढं होऊन ताट उचललं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"चूक माझी आहे. एकाशन मी करीन. आजपासून दोन वर्षं. तू जेव, माय."

त्यांनी अधू डोळे बारीक करून त्याचं तोंड न्याहाळलं. ते हसतं आहे की काय, हे त्यांना दिसत नसावं. त्यांनी हात लांब करून त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला बोट लावून पाहिलं.

"हे खरं आहे, का चिठ्ठीतलं?"

"खरं."

ओट्यावरून मेहबूब टेलरांची हाक आली, "जिनदास, ये ना गा! टायचं यानले अजून माहीत नाही!"

तो गेला नाही. खिडकीतलं ऊन कोनाड्यापर्यंत चढलं होतं. राजमतीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या. संध्याकाळी जेवायची सवय मोडली होती. त्या अर्ध्या भाकरीवर थांबल्या. जिनदास समोर बसून राहिला.