हळदीच्या पट्टीखालचा घोटा

त्या सोमवारची ती पिवळी पट्टी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नव्वदच्या दशकात मी परदेशात, पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. रविवारी संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात चोरी झाली, झोपेच्या गोळ्यांचे खोके गेले. शेजारच्या बाईंनी फोनवर खबर दिली की एक माणूस मागच्या भिंतीवरून उडी मारून लंगडत पळाला. कुलूप शाबूत होतं, म्हणजे माहीतगाराचं काम.

सोमवारी सकाळी त्या दुकानातला फार्मासिस्ट लंगडतच कामावर आला. पुण्याहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, नोंदणी अजून तात्पुरती होती. चोरीचा नुसता आळ टिकला असता तरी बायको-मुलीसकट त्याला परत जावं लागलं असतं. मीही मराठीच; आपला माणूस म्हणून सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच कडक झालो.

हक्क वाचून दाखवले, टेप सुरू केली.

“गुरुवारी घरामागे फिजोआची फळं पडली होती, त्यावरून पाय घसरला, साहेब. शुक्रवारी सिक लीव्ह टाकली.”

“कुणी पाहिलं?”

“कुणीच नाही. मिसेस मुलीला घेऊन हिल्सबरोला, बहिणीकडे गेली होती.”

पिवळ्या पट्टीखाली घोटा टम्म सुजलेला. चार दिवसांनी एवढी सूज? गडी खोटं बोलतोय, अशी माझी खात्री झाली. दोन तास मी तेच तेच विचारलं. शेवटी तो घामाने निथळायला लागला, तेव्हा आम्ही त्याला रुग्णालयात नेलं.

तिथली नर्स नागपूरची. पट्टी बघताच तिने विचारलं, “आंबेहळद? गरम करून?”

“रोज दोनदा. आणि वर शेक. आईने फोनवर सांगितलं.”

“अहो, औषधं देता ना लोकांना? पहिले दोन-तीन दिवस गरम अजिबात नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर. शेकूनच तर सूज वाढवलीत.”

तिने लेप धुतला. खाली घोटा जांभळा, कडा हिरवट-पिवळ्या. त्याच्या परवानगीने मी आत उभा होतो. “ते पिवळं हळदीचं,” मी ठासून म्हणालो.

“लेप घोट्यावर होता, बोटांवर नाही,” ती शांतपणे म्हणाली. हिरवा-पिवळा रंग बोटांच्या मुळांपर्यंत उतरला होता. “नेमका दिवस मी सांगणार नाही. पण एका रात्रीत असा रंग येत नाही. हे कालचं नाही. आणि उंचावरून उडी मारणारे बहुतेक टाचेवर आदळतात. यांची टाच ठणठणीत आहे.”

तिने हाडाच्या कडा दाबून पाहिल्या, चार पावलं चालायला लावली, तरीही एक्स-रे काढून घेतला. हाड शाबूत निघालं. तिचं ते काम बघताना मला मनापासून कौतुक वाटलं. माहीत होतं तेवढंच ती बोलली, त्यापुढे एक शब्दही नाही.

ठाण्यावर येऊन मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांची यादी पुन्हा काढली. माल पोचवणारा ड्रायव्हर त्या दिवशी कामावर आला नव्हता. घरी सापडला तो टाच मोडलेल्या अवस्थेत. पलंगाखाली खोके, खिशात दुकानाची बनावट किल्ली. लगेच कबूल झाला.

पण मला आठवतो तो रुग्णालयातला एक प्रश्न. फार्मासिस्टचा पाय उशीवर ठेवत नर्सने मला विचारलं, “किती वेळ खाली लोंबकळत ठेवला होता हा?”

पाय कधी मुरगळला, हे मी दोन तास विचारत होतो. दुखतोय का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

निवृत्त होईपर्यंत माझ्या चौकशीच्या खोलीत मी एक खुर्ची जास्तीची ठेवली, कुणाला पाय वर ठेवायला लागला तर.