मामांचे डोळे
नदीत पर्यटकांना फिरवणाऱ्या एका छोट्या आलिशान जहाजावर वाट दाखवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. नदी दर वर्षी पात्र बदलायची आणि नकाशे कुचकामी ठरायचे. पण मामांनी अकरा वर्षांत जहाज एकदाही वाळूत रुतू दिलं नव्हतं.

एका सकाळी पाहुणे वरच्या डेकवर नाश्ता करत होते. मामांनी पाण्यात उभ्या बगळ्याला खोल पाण्याची वाट दाखवायला रोवलेला खुणेचा बांबू समजून जहाज वळवायला लावलं. बगळा उडाला, तेव्हा त्यांनी चूक झटकन सावरली आणि सरळ कप्तानाकडे गेले.

"साहेब, डोळे दगा देतायत. दुसरा माणूस बघा."

"अहो, कुणाच्या लक्षातही आलं नाही!"

"रुतल्यावर सगळ्यांच्याच येईल."

"पण तुमच्या तोडीचा माणूस आणू कुठून?"

"माणूस कशाला? माझी सून आहे. माहेरी लहानपणापासून होडी चालवायची."

कप्तान हसला, पण एका फेरीत तिचं काम बघून त्याने तिला ठेवूनच घेतलं.

घरी बसलेल्या मामांना अन्न गोड लागेना. महिन्याने सून परतली आणि चपला काढता काढता म्हणाली, "मामंजी, तुमची उजवीकडची वाट बुजली. आता पाणी डावीकडून आहे."

"काढून दाखव बघू."

तिने तांब्यात बोट बुडवून फरशीवर नवं वळण काढलं. मामा वाकून बघत राहिले. रेघ वाळली, तसे म्हणाले, "पुन्हा काढ."