हळदीच्या बेंजोवर भरलेली शाळा

बाकी खात्यांचं मला माहीत नाही, पण शाळेत किस्से जमवावे लागत नाहीत. ते मधल्या सुट्टीतल्या डब्यांसारखे उघडत जातात. एकाने झाकण काढलं की दुसरा म्हणतो, "थांबा, आधी माझं ऐका!" त्यात आमची शाळा कोरोनात बंद पडून पुन्हा उघडली, म्हणजे तर विचारूच नका. परवा स्टाफरूममध्ये हाच विषय निघाला आणि चहावर साय धरली तरी कोणी कप उचलेना. मीठमसाला थोडा माझ्या हातून पडेल. त्याला इलाज नाही, माझा स्वयंपाकही तसाच असतो.

आमची शाळा शहाडजवळ. गाव अर्धं आगऱ्यांचं, अर्धं टॉवरवाल्यांचं. शाळा मराठी माध्यमाची, सातवीपर्यंत. एवढं सांगितलं की लोक उगाच उसासा टाकतात. मला त्या उसाशांचा भयंकर राग आहे, तेव्हा टाकू नका.

आता खरी गोम सांगते. बंदच्या काळात काही पोरं गावाला गेली, काही इंग्लिश मीडियमला. ठाण्याच्या शिक्षण खात्यातून निरोप आला, की शाळा उघडेल त्या दिवशी साहेब स्वतः येणार आणि दुसरीत पोरं कमी दिसली तर दुसरी-तिसरी एकत्र बसवणार. असे वर्ग मिसळले की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो, म्हणजे उचलून कुठेही पाठवतात. सगळ्यात शेवटी लागलेला आधी जातो. ती होती दुसरीची रूपाली. राहायला कोपरीला, घरी सासू आणि तीन वर्षांची लेक. पोरगी कामाला वाघ, पण हा निरोप ऐकल्यापासून डबा तसाच परत न्यायची. मला बघवायचं नाही.

* * *

साफसफाईला चौथीचा वर्ग उघडला. कुलपाने दम काढला, आत कबुतरांनी संसार थाटलेला. आणि फळ्यावर माझंच अक्षर, जसंच्या तसं! 'उद्या सतराचा पाढा पाठ करून येणे.'

तेवढ्यात ओंकार आईबरोबर आला. तेव्हा माझ्या चौथीत होता, आता सातवीत. ओठावर मिसरूड, आवाज फुटलेला. मी म्हटलं, "ये, बरा सापडलास. म्हण सतराचा पाढा."

त्याने फळा वाचला, शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"बाई, 'उद्या' लिहिलंय."

त्याची आई मारायला धावली. मी म्हटलं, "राहू द्या हो, पोरगं लक्ष देऊन वाचतंय हेच पुष्कळ आहे."

* * *

आमचे मुख्याध्यापक मोकाशीसर. शुद्ध बोलणार, शर्टाची इस्त्री मोडणार नाही. अंतर ठेवण्याचे नियम आले तेव्हा त्यांनी स्वतः चुना घेऊन मैदानभर गोल आखले. वाकून वाकून कंबर धरली माणसाची!

पोरांना शाळा बघायला बोलावलेलं, त्या दिवशी सर शिट्टी वाजवून म्हणाले, "प्रत्येकाने एका वर्तुळात उभे राहावे. वर्तुळाबाहेर कोणीही पाऊल टाकणार नाही!"

पोरं पटापट उभी राहिली. एक मिनिट एकदम शिस्त. सर माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

"सर, राज्य कोणावर?"

पुढचा अर्धा तास मैदानावर लंगडी चाललेली. सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि मला म्हणाले, "कुलकर्णीबाई, किती दिवसांनी आवाज झाला हो इथे." डोळे पुसले त्यांनी, मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, चुना गेला.

* * *

त्याच दिवशी रूपालीच्या पोरांनी तिला पहिल्यांदा अख्खी बघितली. या पोरांची पहिली सगळी फोनवर झालेली, त्यामुळे बाई म्हणजे गळ्यापर्यंतच. एक चिमुरडी तिच्याभोवती फेरी मारून आली.

"बाई, तुम्हाला पाय पण आहेत?"

मग सगळ्यांनी एकच धोशा लावला, "आजी कुठाय? आजीला का नाही आणलं?" आजी म्हणजे रूपालीची सासू. वर्ग चालायचा स्वयंपाकघरात आणि मागून आजी विचारायच्या, "रूपाली, आमटीत मीठ घातलंस का गं?" की सगळी पहिली एका सुरात, "घातलं, आजी!"

रूपालीने घरी सांगितलं तर सासूबाई दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होत्या. कॉलर कसली, पदरच.

* * *

रूपालीच्या वर्गात एक साईश होता. त्याला आम्ही 'पंखेवाला साईश' म्हणायचो, कारण त्याचा फोन कायम जमिनीवर आणि आम्हाला दिसायचा घराचा पंखा. पण हजेरी पक्की! रोज पंख्याखालून घोगरा आवाज यायचा, "हजर, बाई!" एवढ्याशा पोराचा आवाज इतका बसलेला, म्हणून रूपालीचा जीव कासावीस व्हायचा. "साईश, काढा देतात ना घरी?" पंखा म्हणायचा, "व्हय बाई, रोज."

शाळा बघायला तो आलाच नाही. म्हणून मी आणि रूपाली त्याच्या घरी गेलो. दार उघडलं ते साईशनेच, आणि काय तो आवाज! कुकरची शिट्टी परवडली. रूपाली कौतुकाने म्हणाली, "अरे वा, घसा बरा झाला वाटतं." पोरगं नुसतं दात काढून हसलं.

ओटीवर त्याची आजी, हिराआजी, मासे साफ करत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "पोऱ्या नाय येनार शालंन."

"का हो आजी? इंग्लिशला टाकताय का?"

"कसला इंग्लिश! ह्यो गेला तं मना मोबाईल कोन लावून दील?"

घ्या! मी बोलणारच होते दोन शब्द. तुमच्या सिरियलींसाठी पोराने अडाणी राहायचं का, वगैरे. रूपालीने माझा हात दाबला. ओटीवरच मांडी घातली, आजीला हात धुवायला लावले आणि फोन कसा उघडायचा ते शिकवायला बसली. हिरवं बटण, लाल बटण, मागे कसं यायचं. मी आपली दारात उभी, मांजर माझ्या पायात आणि माशी नाकावर!

निघताना आजी म्हणाली, "बगतंय." बस, एवढंच. परत येताना रिक्षात रूपाली रडली. "ताई, मी गेले तर या पोरांना परत नवीन बाई. आत्ता कुठे त्यांनी माझे पाय बघितलेत."

मी रिक्षावाल्यावर ओरडले, खड्डे बघून चालव म्हणून.

* * *

उद्घाटनाला मोकाशीसरांना लेझीम हवं होतं. गावातून मिरवणूक, लेझीम, पोरांवर फुलं. पण लेझीम शिकलेली पोरं सातवी पास होऊन गेलेली, आणि लेझमांचा गंज हाताला लागत होता. शेवटी आमचाच जुना विद्यार्थी धावून आला, जयेश. त्याचा बेंजो आहे, म्हणजे वाजवणाऱ्यांचा ताफा, गावातल्या लग्नांच्या हळदी वाजवतो. म्हणाला, "सर, शाळेकडून एक रुपया नको."

सर म्हणाले, "फार छान. मात्र गाणी शालेय हवीत."

जयेशने डोकं खाजवलं. "सर, आपल्याला हळदीचंच येतं. पण स्लो वाजवू."

पहिल्या कोपऱ्यापर्यंत वाजवलंन स्लो. नंतर ढोलकीवाल्याचा हात सुटला! आणि पुढे मोकाशीसर, डोक्यावर फेटा, गळ्यात हार, कपाळाला टिळा. फेटा आमच्याच हौशी मंडळींनी बांधलेला.

आगरी गावात बेंजो वाजला आणि बाया घरात राहिल्या असं कधी झालंय का? भराभर बाहेर आल्या. "कोनाची हलद गो? सकालचीच?" एकीने फेटेवाल्या सरांना खालून वर न्याहाळलं आणि दुसरीला कोपर मारलं.

"ह्या वयान?"

सरांच्या कानापर्यंत गेलं ते. कान लालबुंद झाले, पण माणूस थांबला नाही! मागे पोरं नाचतायत, पोरांमागे आया, आयांमागे आज्या. इंग्लिश मीडियममध्ये घातलेली दोन पोरंसुद्धा नाचत आली, आणि दुसरीच्या वर्गात बसली ती उठेचनात. त्यांच्या आया म्हणाल्या, "ऱ्हाव दे हितंच, तिकडं रडतच जातात." दाखले नेलेच नव्हते, म्हणून दोघांची नावं अजून आमच्या पटावर होती. मी मनातल्या मनात जयेशला शंभर मार्क दिले.

* * *

ठाण्याचे साहेब आले तेव्हा दुसरीच्या वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पोरं, आणि मागच्या बाकांवर नाचून पाय दुखलेल्या बाया, पदराने वारा घेत बसलेल्या. बाहेर जयेशची माणसं वडापाव खातायत.

साहेब कडक. फेट्याकडे बघितलं आणि सरळ फळ्यापाशी गेले. "गर्दी दिसतेय," म्हणाले, "पण गर्दी म्हणजे पट नव्हे. मॅडम, हजेरी घ्या. मला एकेक पोर उभं राहिलेलं बघायचंय."

रूपालीने हजेरीपुस्तक उघडलं. एक नाव घेतलं, पोरगी उभी, "हजर, बाई!" दुसरं नाव, "हजर!" साहेबांचं बोट प्रत्येकावर फिरत होतं. मी दारात उभी राहून गणपतीला मोदक कबूल करत होते. गावाहून परतलेली उभी राहिली, इंग्लिशवाली दोघं तर नाव घ्यायच्या आधीच उभी. शेवटचं नाव राहिलं.

"साईश."

पुढच्या बाकावरून कुकरची शिट्टी वाजली, "हजर, बाई!" आणि त्याच क्षणी मागच्या बाकावरून, ओळखीचा, घोगरा, "हजर, बाई!"

रूपालीने मान वर केली ती तशीच राहिली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "मोकाशी, हा वर्ग कुठे मिसळणार तुम्ही? राहू दे इथेच. मॅडमही राहू देत." मोकाशीसर खाली बसले, ते पोरांच्या बाकावरच. साहेब जायला निघाले आणि दारातून वळले. "पण मॅडम, शेवटच्या नावाला दोन हजर कसे आले?"

हिराआजी उठली. पोरं उभी राहतात तशी हात बाजूला सरळ ठेवून उभी राहिली.

"आजी, तुम्ही पालक ना?"

"नाय सायेब," हिराआजी म्हणाली, "मी दुसरीन हाय. पयली मोबाईलवर केली."